लाल शाई

परवा सकाळी एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. आता पन्नाशी ओलांडलीय त्याने, पुण्यात इंजिनिअर आहे. तब्येत, पाऊसपाणी झालं आणि मग जरा थांबून म्हणाला, "सर, आई इकडे आली की गप्पच असते. गावाकडे दिवसभर तोंड चालू. इथे सुनेसमोर, नातवंडांसमोर चकार शब्द नाही. शेवटी विचारलं, तर म्हणते, माजं बोलनं तुमच्यात बसत न्हाय बाबा."

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. फोन ठेवल्यावर मात्र मला माझी लाल शाई आठवली.

१९८७ साली तो आठवीत होता. माण तालुक्यातला मुलगा. आईवडील दोघंही दुसऱ्याच्या रानात रोजंदारीवर. घरात शाळेची पायरी चढलेला हा पहिलाच. मी मराठी शिकवायचो. 'माझी आई' हा नेहमीचाच निबंध दिला होता. याने लिहिलं होतं की, आई भल्या पहाटं उटती, पान्याला जाती, आन् हंडा उतरताना रोज दुष्काळाला एक शिवी देती. चुका समजाव्यात म्हणून मी तो वर्गात मोठ्याने वाचून दाखवला. मुलं हसली. मग पानभर लाल खुणा केल्या.

पुढचा निबंध बिनचूक आला. त्यातली आई सडा घालायची, देवापुढे निरांजन लावायची आणि 'सुग्रास भोजन' रांधायची. मी दहापैकी नऊ गुण दिले! ती त्याची आई नव्हतीच, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही.

बाकी त्याच्यासाठी मी काही केलं नाही असं नाही. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी त्याच्या वडिलांबरोबर तहसील कचेरीत खेटे घातले, बोर्डाची फी भरली, अकरावीचा फॉर्म भरला, ट्रंक घेऊन एस.टी.ने वसतिगृहात सोडायलाही गेलो. शिकणाऱ्या पहिल्या पिढीला हे सगळं कुणीतरी दाखवावंच लागतं, कारण घरात विचारायला कुणी नसतं. पण घरातून बाहेर कसं पडायचं हे दाखवताना, परत घरात कसं यायचं हे आम्ही कुणीच सांगितलं नाही.

आमच्या सातारा जिल्ह्याला तर हे ठाऊक असायला हवं होतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले इथे रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातींची मुलं तिथे एकत्र राहत आणि जेवत. त्यांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले. ते आपण भाषणात सांगतोच. पण तिथे मुलं शिकता शिकता अंगमेहनतही करत. 'कमवा आणि शिका' म्हणजे नुसती फीची सोय नव्हे, असं मला आता वाटतं. ज्याच्या हातात पुस्तक आणि कुदळ दोन्ही असतात, त्याला बापाच्या कुदळीची लाज कशाला वाटेल? आम्ही मात्र मुलांच्या हातात पुस्तक देताना कुदळ खाली ठेवायला लावली.

न राहवून संध्याकाळी मीच त्याला फोन केला आणि निबंधाची गोष्ट काढली. त्यालाही आठवत होती. म्हणाला, "सर, तुम्ही खोडलं नसतं तर मी कॉलेजात टिकलो नसतो." हेही खरंच आहे. प्रमाण भाषा शिकवायलाच हवी होती. पण कागदावरची भाषा एक आणि घरची एक, दोन्ही तुझ्याच, हे वाक्य वर्गात बोलायला मला कितीसा वेळ लागला असता?

मग मी म्हटलं, "आईला दे फोन."

"कोन, मास्तर? हैसा का अजून?" पलीकडून खणखणीत आवाज आला. मी म्हटलं, हाय की! मग पाऊस, गुडघेदुखी, गेलेली माणसं, सुनेच्या हातची पातळ आमटी... पंचवीस मिनिटं बोलत होत्या बाई.

दोन्ही नातवंडं टीव्ही बंद करून ऐकत बसली होती, असं त्याने नंतर सांगितलं. धाकटीने विचारलं म्हणे, "आजी, 'हैसा' म्हणजे काय गं?"

असो. बघू आता आजी काय शिकवतात ते.