आधी पोरांच्या वर्गात बस

अहिल्यानगर,
नोव्हेंबरअखेर

चि. मनू,



तुझं प्रार्थनापत्र रविवारी पाळकसाहेबांनी उपासनेनंतर वाचून दाखवलं. माणसांनी माना डोलावल्या, मागच्या बाकावरून कुणी तरी मोठ्यानं 'आमेन' म्हणालं, आणि मी घरी येईपर्यंत धुसफुसत होते. 'इमारतीतल्या मुलांमार्फत अनेक घरांची दारं सेवेसाठी उघडत आहेत.' हे वाक्य तुझं आहे, की तुला तिकडं पाठवणाऱ्या मंडळाच्या ऑफिसात कुणी मागाहून घातलं? पोरं म्हणजे काय किल्ल्या आहेत? आणि वर तो फोटो! तुझ्या स्वयंपाकघरातलं टेबल, भोवती पोरं, चेहरे लख्ख, खाली 'किप्सेली, अथेन्स' असा पत्ताच. त्यांच्या आयांना विचारलं होतंस? आता तो फोटो नगर, जालना, सोलापूर असा सगळ्या मंडळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. आपल्या बाजारतळातल्या पोरांचा असा फोटो कुणी परदेशी बाईनं छापला असता, तर तूच भांडायला गेली असतीस.

तू मला वेगळ्या पत्रात विचारलंस ते एवढंच, की नाताळात पोरांना घरी बोलावून ग्रीकमधलं सचित्र शुभवर्तमान त्यांच्या हातात द्यावं का. उत्तर एका ओळीचं आहे: आईबापांना विचारल्याशिवाय देऊ नकोस. पण एका ओळीवर थांबणं मला कधी जमलंय? बस आता वाचत.

तुझी मार्च-एप्रिलमधली पत्रं मी जपून ठेवलीत. सेमिनरीत ग्रीकमध्ये पहिली आलेली तू, पौलाची पत्रं मुळातून वाचणारी, आणि अथेन्सच्या बेकरीत पाव मागितलास तर ती बाई बावचळून बघत राहिली. बघेल नाही तर काय करेल! आपल्या नगरच्या बेकरीत कुणी लीळाचरित्रातल्या मराठीत, वर इंग्रजी उच्चारात पाव मागितला तर तिथला पोरगा काय करील? माझा दादाही ओसरीवर 'लुओ, लुएइस, लुएइ' घोकत फेऱ्या घालायचा आणि आई आतून विचारायची, हा कुणाला शिव्या देतोय. परीक्षेपुरतं ते ठीक. माणसांपुरतं नाही.

मग तिसऱ्या मजल्यावरची ती पहिलीतली मुलगी तुझी मास्तरीण झाली. 'देका' म्हणताना तू आपला मराठी द लावायचीस आणि तिला ते खपेना. तिनं दोन्ही हातांनी तुझी हनुवटी धरली, स्वतःची जीभ दातांतून बाहेर काढून दाखवली – पुढचे दोन दात पडलेले, म्हणून ती अंमळ जास्तच बाहेर आली – आणि तुझी जीभ तशीच बाहेर येईपर्यंत तुला सोडलं नाही. लपाछपीत ती पोरं पाच-पाचनं मोजतात, पेन्ते, देका, देकापेन्ते, इकोसी. राज्य तुझ्यावर आलं की मुद्दाम शंभरापर्यंत मोजायला लावतात. शेवटचा भिडू 'फ्तू क्सेलेफ्तेरिया' असं ओरडत भिंतीला हात लावतो आणि पकडलेले सगळे सुटतात. आपलं डबा ऐसपैसच ते. ती पत्रं वाचताना मी एकटी हसत होते. त्यात 'सेवा' हा शब्द कुठंच नव्हता, आणि आत्ताच्या पत्रात तो ओळीओळीला आहे.

माझं हे जुनं दुखणं तुला माहीत आहे. मिशनरी माणूस भाषा शिकत असतो तेवढी दोन-चार वर्षंच तो त्या गावाचा असतो, असं मला वाटतं. तेव्हा त्याला कुणाची तरी गरज असते. भाषा आली की तो बोलायला लागतो आणि ऐकायचा थांबतो. फारच थोडे याला अपवाद. तुझ्या त्या पोरांकडे नीट बघ. तूच लिहिलं होतंस, एकाच्या घरी अल्बेनियन बोलतात, दुसऱ्याच्या घरी जॉर्जियन, त्या दोघा भावंडांच्या घरी अरबी. शाळेत त्यांच्याच ग्रीकवर बाई लाल शाई फिरवतात. घरी आले की आईबापांचे सरकारी कागद वाचून दाखवायचं काम त्यांचंच. त्या पोरांना अख्ख्या अथेन्समध्ये एकच मोठं माणूस असं भेटलंय, जे त्यांच्याहून अडाणी आहे आणि ते लपवत नाही. ती काय थाटात तुझ्या चुका काढत असतील! हे तू त्यांना दिलंस, आणि खाऊ न वाटता दिलंस. ते सोडून आता तुला त्यांची बाई व्हायचंय?

आपल्या गल्लीत ती गोरी मडम राहायला आली होती, तेव्हा तुझा जन्म नव्हता. मी आठ-नऊ वर्षांची असेन. सकाळी पंडित येऊन तिला मराठी शिकवायचे, आणि संध्याकाळी ती आमच्यात ठिकरी खेळायला यायची. 'ळ' तिला येईना. आम्ही तिला 'काळीभोर तळ्यातली म्हातारी' असलं काहीबाही म्हणायला लावायचो आणि लोळून हसायचो. तीही हसायची. वर्षभरानं तिला मराठी आलं आणि तिच्याकडे रविवारच्या शाळेची रंगीत कार्डं आली. मेंढपाळाचं चित्र, मागं वचन. मग आम्ही कार्डासाठी जायला लागलो. एकदा कार्ड घेतलं की हौदावर तोंड धुऊन, वेणी सोडून, पुन्हा रांगेत. ठिकरी बंद पडली. तिच्या अहवालात त्या वर्षी हजेरी वाढली असणार, हे मी आज पैजेवर सांगते. माणूस वाईट नव्हतं गं. फार मायाळू होती. पण नंतर तिला आमच्यातल्या कुणाचं नाव धड आठवायचं नाही.

तू म्हणशील आत्या मिशनवरच घसरली. नाही. मी फॅरारबाईंच्या शाळेच्या गावात म्हातारी झालेय. बाई १८२७ साली मुंबईत उतरल्या आणि १८६२ मध्ये इथं नगरला वारल्या; ज्योतिबांनी त्यांची मुलींची शाळा येऊन पाहिली, हे तर शाळेतली पोरं पाठ म्हणतात. पण त्याच काळात मुंबईत काय झालं, तेही वाचून ठेव. १८४३ साली नारायण शेषाद्रींचा बाप्तिस्मा झाला, त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, जेमतेम बारा वर्षांचा, तोही मिशनच्या घरी राहायला गेला. बाप कोर्टात गेला, कोर्टानं पोर बापाला परत दिलं. मग त्या पोराला जातीत घ्यायचं की नाही यावर ब्राह्मणांत रणकंदन. बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूनं उभे राहिले, त्यांनाही त्रास भोगावा लागला. दोन्हीकडची शहाणी माणसं, दोन्हीकडे धर्मग्रंथ, आणि मधे बारा वर्षांचं पोर. त्याला काय हवं होतं, हे कुठल्या कागदात धड सापडतं का बघ.

आता तुझ्या गावाचं सांगते, तू तिथं राहतेस तरी. १८३१ साली अमेरिकन मिशन आपल्या नगरला आलं, त्याच वर्षी जॉन आणि फ्रान्सिस हिल हे अमेरिकन नवरा-बायको अथेन्सला पोचले. स्वातंत्र्याच्या लढाईनं गाव नुसता ढिगारा झालेला. त्यांनी मुलींची शाळा काढली, आणि ऑर्थोडॉक्स पोरींना ऑर्थोडॉक्सच राहू द्यायचं असं ठरवून काढली. मायदेशातल्या कितीकांना ते पटलं नसेल. ती शाळा प्लाकात आजही भरते. तिकडंच जोनास किंग होते, आपलं नगरचं मिशन ज्या अमेरिकन बोर्डाचं, त्याच बोर्डाचे. विद्वान आणि वादाला तयार. १८५२ मध्ये त्यांच्यावर खटला झाला, पंधरा दिवस कैद आणि हद्दपारीची शिक्षा. हद्दपारी पुढं रद्द झाली. किंग धाडसी होते, कबूल. पण मला निवडायला सांगितलंस तर मी हिलबाईंच्या बाजूला बसेन.

आणि तुझा कायदा! तू हसण्यावारी नेतेस म्हणून माझा जीव टांगणीला लागतो. ग्रीसच्या घटनेच्या तेराव्या कलमात धर्मस्वातंत्र्य आहे, आणि त्याच कलमात दुसऱ्याला आपल्या धर्मात ओढायला बंदीही आहे. १९३८ चा, हुकूमशहा मेताक्सासच्या काळातला कायदा त्याच्या पाठीशी. १९८४ च्या डिसेंबरात अथेन्सच्या कोर्टानं तिघा सुवार्तिकांना साडेतीन-साडेतीन वर्षांची शिक्षा ठोठावली होती. एका सोळा वर्षांच्या मुलाला त्यांनी नवा करार दिला होता आणि त्याच्या आईनं तक्रार केली होती. १९८६ मध्ये अपिलात ते सुटले. कोक्किनाकिस नावाच्या यहोवाच्या साक्षीदारानं स्ट्रासबर्गच्या कोर्टापर्यंत जाऊन १९९३ मध्ये ग्रीसविरुद्ध निकाल मिळवला, हेही खरं. पण ती मोठ्या माणसाची गोष्ट. पोराचा प्रश्न आला की कायद्याच्या आधी आई उभी राहते, आणि तिनं उभं राहावंच. माझ्या पोराच्या दप्तरात कुणी मला न सांगता दुसऱ्या पंथाचं पुस्तक घातलं असतं, तर मीही चपला घालून निघाले असते.

पुस्तकावरून आठवलं. शुभवर्तमान लोकांच्या रोजच्या ग्रीकमध्ये आलं म्हणून अथेन्समध्ये माणसं मेलीत, ठाऊक आहे ना? अलेक्झांद्रोस पाल्लिस यांचं भाषांतर 'अक्रोपोलिस' या वर्तमानपत्रात छापून येऊ लागलं, १९०१ च्या नोव्हेंबरात दंगल झाली, आठजण ठार, अथेन्सच्या मेट्रोपॉलिटन बिशपांनी राजीनामा दिला, सरकार पडलं. हे पाल्लिस कोण? राल्ली ब्रदर्सच्या पेढीतले व्यापारी, काही वर्षं आपल्या मुंबईतही होते. आणि या माणसानं १८८९ मध्ये लहान मुलांच्या गाण्यांचं पुस्तक काढलं होतं. मला ते फार आवडलं. आपले रेव्हरंड टिळक फुलामुलांचे कवी, तसाच हाही आधी पोरांसाठी लिहून हात साफ करून घेतलेला माणूस. लहान मुलांना कळेल असं बोलता आलं, तरच शुभवर्तमान बोलता येतं, असं माझं मत आहे. 'बालबोधमेवा' मासिक वाचून वाढलेल्या बाईचं मत म्हणून सोडून दे हवं तर.

तर काय कर. पोरं वर येतील तेव्हा दार सताड उघडं ठेव, बंद दाराआड एकही पोर नको. हिवाळ्यात दुपारी साडेतीन ते साडेपाच तुमच्याकडे शांततेची वेळ असते. त्या वेळात पोरांना जिन्यात धावू दिलंस तर इमारतीतल्या म्हाताऱ्या तुझ्यावर कायमच्या फिरतील. त्या म्हाताऱ्यांशीच आधी गट्टी कर. बाल्कनीत बसून चौकावर नजर ठेवणारी ती आजी, जिला तू जरा घाबरतेस, तिच्याकडे डिशभर करंज्या घेऊन जा, तुझं मोडकंतोडकं ग्रीक ऐकव, नि तिच्या नातवानं तुला काय शिकवलं ते सांग. तिनं विचारलं की तू कोण, कुठल्या चर्चची, इथं कशाला आलीस, तर सरळ सांग. आडपडदा नको. तुला शुभवर्तमान सांगायचंय ना? ते आजीला सांग. ती वाद घालील, घरातल्या पवित्र तसबिरी दाखवील, तुझी दृष्टही काढील, आणि बरोबरीनं बोलेल. पोराला बरोबरीनं बोलता येत नाही, म्हणून तिथं घाई करायची नाही. पोरानं आपणहून विचारलं तर खोटं बोलू नकोस. उत्तर दे, आणि तेच उत्तर आईसमोर पुन्हा दे.

पोरांबरोबर 'मीला' हा चेंडूचा खेळ खेळताना तुझा गुडघा सुजला होता, त्याचं काय झालं, ते पत्रात नाही. चेंडू झेलला की एक सफरचंद, म्हणजे एक जादा जीव मिळतो असं लिहिलं होतंस. तुझ्या वयाला ती सफरचंदं फार नकोत. हीटर लावतेस की पैसे वाचवतेस? मंडळाला हजेरीचे आकडे हवे असतील तर त्यांना सांग, आत्यानं मनाई केलीय. त्यांचे पैसे थांबले तर मला लिही, माझी पेन्शन अजून चालू आहे. दादा असता तर त्यानं हेच कमी शब्दांत सांगितलं असतं.

नाताळची पार्टी ठेवू नकोस. त्याऐवजी आदल्या दिवशी सकाळी घरीच राहा. पोरं लोखंडी त्रिकोण वाजवत दारोदार कालांदा म्हणत फिरतात, 'म्हणू का?' असं विचारतात, आणि बेथलेहेमात जन्मलेल्या ख्रिस्ताचं गाणं तुझ्याच दारात म्हणतील. मधेच चुका सुधारायला जाऊ नकोस, तुझं ग्रीक तेवढं नाही. एक आणि दोन युरोची नाणी कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याकडून आत्ताच सुटी करून ठेव. त्या सकाळी कुणाकडेच सुटे मिळत नाहीत.

तुझी,
आत्या