लेकराचं वय

बालविकासाच्या चाचणीतला पहिला प्रश्न लेकरासाठी नसतो, आईसाठी असतो. कधीचं आहे हे?

प्रमिला फाटक यांनी बडोद्यात आपल्याकडच्या बाळांसाठी विकासमापनाची श्रेणी बसवली. अडीच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तिच्यात 67 बाबी हालचालींच्या आणि 163 बौद्धिक. आधाराशिवाय बसणं, फडक्याखाली लपवलेलं खेळणं शोधणं, ठोकळ्यावर ठोकळा ठेवणं. त्यावरून विकासवय निघतं. त्याला खऱ्या वयाने भागायचं, शंभराने गुणायचं. दहा महिन्यांच्या लेकराचं विकासवय दहा महिने असेल तर गुणांक 100. त्याचंच वय बारा महिने लिहिलं गेलं, तर 83. लेकरू तसूभरही बदललेलं नाही, आई मात्र काळजी घेऊन घरी जाते.

म्हणून परभणीत काम करताना माझा सर्वाधिक वेळ वय ठरवण्यात गेला, आणि त्याचं मला समाधान आहे. इथल्या कृषी विद्यापीठात सामुदायिक विज्ञान (पूर्वीच्या गृहविज्ञान) महाविद्यालयाची स्वतःची बालवाडी आहे. तिथे दाखल्यावर जन्मतारीख असते. वाडीवस्तीवर गेलं की तारखेऐवजी हंगाम भेटतो. “पोळ्याच्या आधी झालं, बाई.” कोणत्या पोळ्याच्या? 2022 मध्ये पोळा 26 ऑगस्टला होता. पुढच्या वर्षी अधिक श्रावण आला आणि पोळा 14 सप्टेंबरला गेला. तान्ह्या बाळाच्या हिशेबात एकोणीस दिवस म्हणजे फार झाले. म्हणून पंचांग माझ्या पिशवीत चाचणीच्या साहित्याइतकंच हक्काने बसतं. परभणीचा उरूस फेब्रुवारीत भरतो, त्याचा आधार त्यामानाने पक्का. “धोंड्याच्या महिन्यात झालं” असं कुणी म्हणालं तर मला आनंद होतो, कारण अधिक महिना तीनेक वर्षांतून एकदाच येतो आणि वर्षाची शंका उरत नाही.

आईला आठवत नसेल तर आजीला विचारावं. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, त्यामुळे तारीख पुष्कळदा दुसऱ्याच गावात असते. बाराव्याला कोण आलं होतं, तेव्हा ज्वारी निसवली होती की काढणीला आली होती, हे आजी बिनचूक सांगते. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत आणखी खोलात जावं लागतं: जन्मनोंदीचं कार्ड गावी, जन्म फडावर, खूण एवढीच की कारखान्याचा पट्टा पडायच्या, म्हणजे गाळप थांबायच्या, आधी. आणि एक प्रश्न कधीच सोडायचा नाही. दिवस पुरे भरले होते का? आठव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाचं वय त्याच्या अपेक्षित जन्मदिवसापासून मोजावं लागतं, नाहीतर जे लेकरू नेटाने वाढतंय त्यालाच आपण मागे पडलेलं ठरवतो.

आता बहुतेक जन्म दवाखान्यात होतात, नोंद होते. जुन्या शाळांच्या रजिस्टरात अर्धा वर्ग 1 जूनला जन्मलेला दिसायचा, ते दिवस सरले. तरी मी विद्यार्थिनींना घाई करू देत नाही. कार्ड असलं तरी आजीशी बोला, म्हणते. तारीख जुळते का ते पाहता पाहता घरातलं सगळं कळतं: लेकराला कोण सांभाळतं, ते कुणाच्या आवाजाला वळून पाहतं, आई रानात गेली की त्याच्याशी कोण बोलतं. यातलं काही गुणांकात येत नाही, पण गुणांकाचा अर्थ लावायला हेच लागतं.

आमच्या नोंदवहीत वयाच्या रकान्याशेजारी मी आणखी एक रकाना आखून घेतला आहे: वय कशावरून ठरवलं. कार्ड, आजी, पोळा, उरूस, जे असेल ते तिथे लिहायचं. तो रकाना कोरा असेल तर पुढचे आकडे मी वाचत नाही.