लायनर दाखवणारे मिस्त्री

मिरा-भाईंदर महानगरपालिका झाली 2002 साली. त्याआधीच्या भाईंदर पश्चिमेत स्कूटर म्हटलं की चेतक, नाही तर एलएमएल व्हेस्पा. तिचा ब्रेक म्हणजे केबल, ड्रम आणि लायनर. उजव्या पायाखालचं पेडल खोल जायला लागलं की गाडी मिस्त्रीकडे न्यायची, एवढं घरातल्या पोरालाही कळायचं.

गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड आणि पुढे ऑइलने काळी पडलेली जमीन. मिस्त्री ड्रम ओढून काढायचे, आतली काळी धूळ फुंकर मारून उडवायचे आणि लायनरवरून अंगठ्याचं नख फिरवायचे. लायनर शिल्लक असेल तर काचपेपरने घासून त्याची चकाकी घालवायची, ड्रम आतून पुसायचा, केबलचा नट आवळायचा. शेवटी चाक हाताने फिरवून कान द्यायचा. घासल्याचा आवाज आला तर नट जरा सैल, चाक मोकळं फिरलं की काम झालं. लायनर संपला असेल तर तो तुमच्या तळहातावर ठेवायचे. पैसे कशाचे दिले, ते डोळ्यांना दिसायचं.

एका बाजूला वसईची खाडी, दुसरीकडे उत्तनचा समुद्र, मध्ये मिठागरं. या खाऱ्या हवेत केबलला गंज चढायचा. पावसात ड्रममध्ये पाणी शिरलं की पहिले दोन-तीन ब्रेक लागायचेच नाहीत. म्हणून मुर्धा, राई, मोर्वाच्या रस्त्याने येणारे लोक साचलेल्या पाण्यातून बाहेर पडल्यावर हलका ब्रेक दाबत थोडं अंतर जायचे. ड्रम सुकवायची ही रीत थोरल्यांनी धाकट्यांना शिकवलेली.

त्या दिवसांतलं सगळंच चांगलं नव्हतं. तेव्हाच्या लायनरमध्ये अस्बेस्टॉस सर्रास असे. फुंकरीने उडालेली धूळ मिस्त्रींच्या छातीत जात होती आणि आपण शेजारी चहा पीत उभे होतो, याची आज खंत वाटते.

ब्रेकही आता कितीतरी चांगले झाले. एप्रिल 2019 पासून 125 सीसीवरच्या नव्या दुचाकींना एबीएस आणि त्याखालच्यांना किमान सीबीएस सक्तीचं झालं. ओल्या रस्त्यावर एबीएस चाक जाम होऊ देत नाही. सीबीएसमध्ये एक लिव्हर दाबली तरी दोन्ही चाकं धरली जातात. यामुळे जीव वाचतात.

हरवली ती बघायची सवय. जुना ड्रम झिजला की पेडल खोल जाऊन स्वतःच तक्रार करायचा. डिस्क ब्रेकमध्ये पॅड झिजला की पिस्टन तेवढा पुढे सरकतो आणि लिव्हर पूर्वीसारखीच लागते. झीज हाताला कळत नाही. ब्रेक ऑइलही हवेतला ओलावा शोषतं. असं ऑइल फार तापलं की त्यात वाफ धरते आणि ऐन वेळी लिव्हर पोकळ लागते. आपल्या दमट गावात तर ते दर दोन वर्षांनी बदलायलाच हवं. पण गाडी सकाळी सर्व्हिसिंगला देतो, संध्याकाळी बिल भरून आणतो. आत काय झालं, कोण बघतो?

जून लागण्याआधी एकदा गॅरेजमध्ये थांबा. पॅड किती उरलेत ते दाखवायला सांगा, हँडलवरच्या डबीच्या काचेतून ऑइल खालच्या खुणेच्या वर आहे का ते बघा. आणि मिस्त्री ड्रममध्ये फुंकर मारायला वाकले, तर त्यांच्या हातात ओलं फडकं द्या.