समुद्रपर्यटन आणि सांथ

आमच्या पणजोबांच्या पिढींत समुद्रपर्यटन हा धर्मशास्त्राचा प्रश्न होता. विलायतेहून परत आलेल्या गृहस्थास पंक्तीस घ्यावें कीं नाहीं, घेतल्यास प्रायश्चित्त कोणतें द्यावें, ह्यावरून गांवोगांवीं वाद माजत आणि एकेका घराचीं दोन दोन घरें होत. पुढें तो वाद निवाला आणि समुद्र हा केवळ हौसेचा विषय झाला. २०२० सालीं मात्र तोच प्रश्न निराळ्या वेषानें पुन्हां दारांत उभा राहिला. बोटीवरून आलेल्या माणसास घरांत घ्यावें कीं नाहीं? ह्या खेपेस निर्णय शास्त्रीबोवांकडे नसून डॉक्टरांकडे होता, इतकाच काय तो फरक; आणि खरें सांगावयाचें तर डॉक्टरांतही शास्त्र्यांइतकींच मतें होतीं.

हल्लीं सर्व जग ज्यांस ‘क्रूझ’ म्हणतें त्या सहलीच्या बोटी आमच्या जुन्या कोंकणबोटीच्या नात्यांतल्या नव्हेत. कोंकणबोट माणसास गांवीं पोंचवीत असे. ही बोट बहुधा त्यास चार बंदरें दाखवून पुन्हां निघाल्या ठिकाणीं आणून सोडते. तीन-चार हजार माणसें, दहाबारा मजले, रात्रंदिवस चालणारी पंगत, नाटकगृह, पोहण्याचे तलाव, असें हें तरतें लग्नघरच म्हणावयाचें. सांथीपूर्वीं, २०१९ सालीं, जगांत सुमारें तीन कोटी लोकांनीं अशी सहल केली. त्यांत वयस्कर मंडळींचा भरणा मोठा असतो, आणि त्याचें कारण उघड आहे. सामान वाहावें लागत नाहीं, गाड्या बदलाव्या लागत नाहींत, रोज नवें बिऱ्हाड करावें लागत नाहीं. खोली तीच राहते आणि गांवेंच खिडकीपाशीं येतात.

आमच्या घरीं हा विषय निघाला तो २०२१ च्या पावसाळ्याअखेरीस. मुंबईहून अशा बोटी सुटूं लागल्याची बातमी घरांतील तरुण मंडळींनीं आणली. आमच्या मातुःश्रींस तेव्हां एकोणऐशीवें वर्ष चालूं होतें. त्यांचें माहेर वेंगुर्ल्याकडचें, परंतु वडील नोकरीनिमित्त मुंबईस. त्यामुळें लहानपणीं दर उन्हाळ्यांत भाऊच्या धक्क्यावरून बोटींत बसून, डेकवर वळकटी पसरून, त्यांनीं तो सारा किनारा पाहिलेला. विजयदुर्गाचा बुरूज पाण्यावरून कसा दिसतो हें त्या अजून हातवारे करून सांगतात. तो किनारा एकदां पुन्हां बोटीवरून पाहावा, ही त्यांची इच्छा आम्हां सर्वांस ठाऊक होती. परंतु घरांत माणसें चौदा, स्वयंपाकघर एक, आमच्या वडील बंधूंस मधुमेह, आणि धाकट्या सुनेच्या कडेवर सात महिन्यांचें मूल. बंधू म्हणाले, “आई, आणखी एखादें वर्ष थांबूं या.” त्यावर मातुःश्री शांतपणें म्हणाल्या, “थांबूं या म्हणणें सोपें आहे रे; माझें वय थांबणार आहे का?” त्या वेळीं माजघरांत कोणासच उत्तर सुचलें नाहीं. सुरक्षिततेचा विचार करणारे लोक ह्या प्रश्नास बगल देतात, अशी आमची तक्रार आहे. न जाण्यासही किंमत पडते, आणि ती बहुधा वृद्धांसच द्यावी लागते.

तथापि बंधूंची भीति पोकळ नव्हती. ‘डायमंड प्रिन्सेस’ बोटीची हकीकत तेव्हां सर्वांच्या मनांत ताजी होती. ही बोट २० जानेवारी २०२० रोजीं जपानांतील योकोहामा बंदरांतून निघाली. तिच्यावरील एक प्रवासी २५ तारखेस हाँगकाँग येथें उतरून गेला, आणि त्यास कोविड असल्याचें १ फेब्रुवारीस निश्चित झालें. ३ फेब्रुवारीस बोट योकोहामास परत आली आणि ५ तारखेपासून प्रवाशांस आपापल्या केबिनींत बंद करण्यांत आलें. बोटीवर एकंदर ३,७११ माणसें होतीं. त्यांपैकीं ७१२ बाधित झालीं, म्हणजे पांचांत एक, आणि डझनाहून अधिक दगावलीं. बाधितांपैकीं सुमारें निम्म्यांस तपासणीच्या वेळीं ताप, खोकला, कसलेंच लक्षण नव्हतें. म्हणजे आजारी कोण आणि निरोगी कोण हें डोळ्यांस कळण्याचा मार्गच नव्हता.

ह्या हकीकतींतील एका गोष्टीकडे वाचकांचें विशेष लक्ष वेधावेसें वाटतें. प्रवासी कोंडले गेले, परंतु त्यांस दोन वेळचें जेवण कोणीं नेऊन द्यावयाचें? बोटीवरचे १,०४५ नोकर राबतच होते. एकमेकांच्या शेजारीं बसून जेवत होते, एका खोलींत दोघे-चौघे निजत होते, आणि सकाळीं पुन्हां ताटें घेऊन दारोदार जात होते. प्रारंभीं बाधित ठरलेल्या वीस नोकरांपैकीं पंधरा जण अन्नाच्या कामावरचे निघाले. बोटीवर भारतीय माणसें १३८ होतीं आणि त्यांपैकीं १३२ नोकरवर्गांतलीं. ज्यांस संसर्ग झाला नव्हता अशा बहुतेकांस २७ फेब्रुवारीस विमानानें दिल्लीस आणलें. विलगीकरण असें सर्वांनीं म्हटलें खरें, पण तें वरच्या मजल्यांचें होतें. खालच्या मजल्यांचें नव्हे.

कोणी म्हणेल, लग्नाच्या मांडवांत, आगगाडीच्या डब्यांत, यात्रेंत सांथ पसरत नाहीं काय? पसरते, आणि आमच्याच नात्यांतील एका लग्नानें आठ घरें आजारी पाडलीं हें आम्हीं पाहिलें आहे. पण मांडवांतून उठलेला माणूस रात्रीं आपल्या घरीं निजतो. त्यास घरीं येऊं देण्यासाठीं कोणा सरकारची परवानगी लागत नाहीं. बोटीचें तसें नाहीं. बंदरानें दार लावलें कीं हजारों माणसांचें तें गांव निराधार होतें. फेब्रुवारी २०२० मध्यें ‘वेस्टरडॅम’ नांवाच्या बोटीस जपान, तैवान, फिलिपाइन्स, ग्वाम व थायलंड ह्या पांच ठिकाणांहून परत फिरविलें. अखेर कंबोडियानें आपलें सिहानूकव्हिल बंदर उघडलें. आणि गंमत अशी कीं, जिला कोणी उभें करीना त्या बोटीवर सांथ असल्याचें पुढें सिद्धच झालें नाहीं. आंतरराष्ट्रीय आरोग्य-नियमांत बोटींस केवळ रोगाच्या भयानें बंदर नाकारूं नये असें लिहिलेलें आहे. पण भ्यालेल्या गांवास नियमांचें पुस्तक वाचण्यास सवड नसते.

आतां दुसरी बाजू पाहा. १९ मार्च २०२० रोजीं सिडनी बंदरांत ‘रूबी प्रिन्सेस’ बोट लागली आणि सुमारें २,६५० प्रवाशांस, तपासणीच्या निकालाची वाट न पाहतां, उतरूं दिलें. ते टॅक्सींतून, विमानांतून घरोघर गेले. त्या बोटीशीं निगडित असे २८ मृत्यू पुढें नोंदले गेले आणि खास चौकशी-आयोगानें आरोग्याधिकाऱ्यांवर कडक ठपका ठेवला. फार मागें जावयाचें तर १९१८ च्या नोव्हेंबरांत ऑक्लंडहून निघालेल्या ‘टॅल्यून’ बोटीनें पश्चिम सामोआ बेटांत इन्फ्लुएंझा नेला आणि कांहीं आठवड्यांत तेथील सुमारें एकपंचमांश लोक मेले. शेजारच्या अमेरिकन सामोआनें बंदर बंद ठेविलें, तेथें त्या तापानें कोणीही दगावलें नाहीं. तेव्हां दार लावणाऱ्या बंदरास आम्ही दोष कसा द्यावा? बोटींतील आई आपली, तशी किनाऱ्यावरचीही कोणाची तरी आईच.

मग बोटी सुरूच करूं नयेत काय? हा प्रयोग निरनिराळ्या देशांनीं करून पाहिला आहे. नॉर्वेमध्यें २०२० च्या उन्हाळ्यांत ‘रोआल्ड आमुंडसेन’ बोट निघाली. जुलैअखेर तिच्यावरचे चार नोकर इस्पितळांत गेले आणि चाळिसांहून अधिक माणसें बाधित निघालीं. इटालीमध्यें ऑगस्टांत ‘ग्रांडिओसा’ बोट जेनोआहून सुटली. तिचे नियम असे कीं, चढण्यापूर्वीं प्रत्येकाची तपासणी, आणि बंदरांत उतरावयाचें तें बोटीच्याच टोळींत, बोटीच्याच मोटारींतून. नेपल्स येथें एक कुटुंब टोळी सोडून आपल्या मनानें फिरलें, तर त्यास पुन्हां बोटीवर घेतलें नाहीं. आमच्या मंडळींस हें वाचून फार कठोर वाटलें. आम्हांस मात्र त्यांतच त्या बोटीचें शहाणपण दिसलें. सिंगापुरांत त्याच डिसेंबरांत एका वृद्ध प्रवाशाची तपासणी बाधित आली म्हणून सबंध बोट परत फिरविली. पुढें तो निकालच चुकीचा ठरला. तपासणी म्हणजे कालच्या दिवसाचा दाखला. आज घशांत काय उतरलें आहे हें ती सांगत नाहीं, आणि क्वचित् निरोग्यासही रोगी ठरविते.

लस आल्यावर चित्र पालटलें. अमेरिकेनें १४ मार्च २०२० रोजीं घातलेली बंदी ऑक्टोबरअखेर अटींवर शिथिल केली, आणि २०२१ च्या जूनमध्यें बहुतांशीं लस घेतलेल्या प्रवाशांनिशीं तेथील मोठ्या बोटी निघाल्या. लशीनें संसर्ग थांबला नाहीं, पण मृत्यू पुष्कळच कमी झाले. तरीही ओमायक्रॉन फैलावतांच, ३० डिसेंबर २०२१ रोजीं, त्याच आरोग्यखात्यानें लस घेतलेल्यांनींही तूर्त बोटीवर जाऊं नये असें सांगितलें. आणि त्यानंतर चारच दिवसांनीं मुंबईहून गोव्यास गेलेल्या एका बोटीवरील दोन हजारांवर माणसांची तपासणी होऊन ६६ जण बाधित निघाले. मुरगांव बंदरांत प्रवाशांस उतरूं दिलें नाहीं. बोट मुंबईस परत आली आणि तेथें आणखी कित्येक बाधित सांपडले. ही बातमी आली तेव्हां आमच्या बंधूंनीं वर्तमानपत्र मातुःश्रींपुढें ठेविलें नाहीं. त्यांनीं तें आपणहून वाचलें आणि कांहीं न बोलतां घडी करून ठेवून दिलें.

बोटींवरील नोकरांविषयीं आणखी थोडें लिहिल्यावांचून राहवत नाहीं. २०२० च्या उन्हाळ्यांत जगांतील सहलीच्या बोटींवर लाखभर नोकर अडकून पडले होते. प्रवासी घरोघर गेले, ह्यांस मात्र स्वदेशचीं बंदरेंही बंद. गोव्यांत व कोंकणांत असें एखादें घर नाहीं असा गांव विरळा. मातुःश्रींच्या माहेरचा एक मुलगा अशाच एका बोटीवर आचारी होता. आठ आठवडे तो समुद्रावर तरंगत होता आणि पगार पहिल्या महिन्यानंतर बंद झालेला. २३ एप्रिल रोजीं ‘मरेला डिस्कव्हरी’ बोटीवरील १४६ भारतीय नोकरांस मुंबईस उतरण्याची परवानगी मिळाली, ती बातमी त्याच्या आईनें कापून देवघरांत ठेविली होती. तिचा मुलगा त्यांत नव्हता तरी. बोटी बंद ठेवा असें म्हणणें ज्यांस सोपें वाटतें त्यांनीं हेंही ध्यानांत घ्यावें कीं, त्या मुलाच्या पगारावर दोन बहिणींचें शिक्षण चाललें होतें.

तेव्हां आमचें मत विचाराल तर तें असें: सांथ चालूं असतां सहलीची बोट निघूं शकते, परंतु ती पूर्वीची बोट नव्हे. माणसें निम्मीं, बंदरें थोडीं, आणि निघण्यापूर्वींच एखाद्या बंदराचें लेखी वचन कीं आजारी माणूस आम्ही उतरवून घेऊं. बोटीवरचा दवाखाना दोन खाटांचा असेल तर त्यावर दोन हजारांचा भरंवसा ठेवूं नये. आणि नोकरास स्वतंत्र खोली. ह्या एका गोष्टीवांचून बाकीचा सारा बंदोबस्त आम्हांस दिखाऊ वाटतो. लस व उपचार हातीं नसतां सांथीच्या पहिल्या लाटेंत मात्र कोणत्याही अटीवर जाऊं नये, मग वय तीस असो वा ऐशी. एकत्र कुटुंबांत तर जाणारा एकटा नसतोच; तो परत येतो तेव्हां चौदा जणांच्या पानांशेजारीं बसतो.

मातुःश्री अखेर २०२३ च्या जानेवारींत गेल्या. लशीच्या तीन मात्रा झालेल्या, सांथ ओसरलेली, बरोबर आम्ही उभयतां आणि एक नात. जागतिक आरोग्य संघटनेनें आणीबाणी संपल्याचें त्या वर्षीं ५ मे रोजीं जाहीर केलें, म्हणजे नियमानें पाहतां आम्ही सांथींतच गेलों. तिकिटें देणाऱ्या गृहस्थांस आम्हीं दोन प्रश्न विचारले होते. कांदालसणाविना जेवण मिळेल काय, ह्याचें उत्तर तत्काळ मिळालें. नोकर एका खोलींत किती निजतात, हें ते चौकशी करून कळविणार होते. तें कधींच कळलें नाहीं. किनारा रात्रींच्या अंधारांत गेला आणि विजयदुर्ग कांहीं दिसला नाहीं. दुसरे दिवशीं सकाळीं चहा घेऊन आलेल्या सासष्टीकडच्या एका तरुणास मातुःश्रींनीं सरळच विचारलें, “बाळ, तुम्ही सगळे निजतां कोठें?”

तो हंसला आणि बोटानें खालीं दाखवून म्हणाला, “आजी, तिथें. दोघे दोघे. आमच्याकडे खिडकी नसते.”