सोबत चालणारे स्पर्धक

चंद्रपूर जिल्ह्यातल्या गडचांदूर परिसरातला धंदा चुनखडीवर उभा आहे. गावालगतचा माणिकगड, मग आवाळपूर, उपरवाही, नारंडा असे सिमेंट कारखाने आणि त्यांच्या आधाराने जगणारे ट्रकमालक, लेथवाले, फॅब्रिकेशनच्या शेड, मजूर पुरवणारे कंत्राटदार, टायरची दुकाने, खानावळी. कारखान्यांची मालकी बदलत गेली. आवाळपूरचा एल अँड टीचा कारखाना २००४ मध्ये अल्ट्राटेकचा झाला, सेंच्युरीचा माणिकगड २०१९ मध्ये तिकडेच गेला, २०२२ मध्ये उपरवाहीची अंबुजा अदानी समूहाने घेतली. हे व्यवहार दूरच्या शहरांत ठरले आणि इथल्या छोट्या पुरवठादाराला त्यांत आवाज नव्हता. आवाज यावा म्हणून उद्योजकांनी एकत्र यावे, हे सगळेच म्हणतात. कसे यावे, यावर मात्र फारसा विचार होत नाही. एक सभागृह, एक प्रमुख पाहुणा, सत्कार, जेवण आणि व्हिजिटिंग कार्डांची देवाणघेवाण एवढ्यावर मेळावा संपतो. माझे म्हणणे असे की महानगरासाठी घडलेली ही रीत गडचांदुरात अपुरी पडते, कारण दोन्हीकडची उणीव वेगळी आहे.

महानगरात माणसे एकमेकांना ओळखत नाहीत. तिथे मेळावा खरोखर काम करतो. माधवराव भिड्यांनी २००० साली सुरू केलेल्या सॅटर्डे क्लबने मराठी उद्योजकांना नियमित भेटण्याची आणि एकमेकांना काम मिळवून देण्याची सवय लावली, ही मोलाची गोष्ट आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवले की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी सहात एकालाच ती वरचेवर भेटणाऱ्या माणसाकडून मिळाली होती. बाकीच्यांना अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून. नवी बातमी लांबच्या ओळखीतून येते. म्हणून नागपूर-पुण्याच्या मेळाव्याला इथल्या तरुणाने जरूर जावे. पण गडचांदुरात ओळख भरपूर आहे. कोणाचा ट्रक कोणत्या बँकेच्या कर्जावर आहे, हेसुद्धा चौकात माहीत असते. कमी आहे तो विश्वास, कारण सगळे एकाच फाटकाकडे तोंड करून उभे आहेत आणि शेजाऱ्याला मिळालेली वर्क ऑर्डर ही आपली हुकलेली ऑर्डर असते.

विश्वास कसा तयार होतो, याचा सर्वांत भक्कम पुरावा याच जंगलपट्ट्यात आहे. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने आधी अभ्यासगट चालवला, निर्णय सर्वसहमतीने घेतले, २००९ मध्ये १,८०० हेक्टरांहून अधिक जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती घेतला. वनहक्काच्या नियमांतली एक तरतूद मला फार महत्त्वाची वाटते: दाव्याची पडताळणी गावाच्या वनहक्क समितीने प्रत्यक्ष जागेवर जाऊन करायची, आणि दोन गावांचे दावे एकमेकांवर आले तर दोन्हीकडच्या समित्यांनी एकत्र बसायचे. हद्दीचा वाद कागदावर चिघळतो. नाला, टेकडी, जुनी पाऊलवाट दोघांच्या डोळ्यांसमोर असली की बोलण्याला आधार मिळतो. उद्योजकांनी एकत्र पायी फेरी काढली, तर तीतही हेच घडू शकते. चालताना कोणी मंचावर नसते. नजर समोरच्या वाटेवर असल्याने अवघड गोष्ट काढणे सोपे जाते. स्टॅनफर्डमधल्या २०१४ च्या प्रयोगांत चालताना नव्या कल्पना जास्त सुचल्या; नेमके एकच उत्तर असलेल्या प्रश्नांना मात्र तसा फायदा झाला नाही. म्हणून हिशेब बसूनच करावा. माणिकगड किल्ल्याची चढण किंवा अमलनाला धरणाचा परिसर फेरीला उत्तम, पण मला त्याहून उपयोगाची वाटते ती एकमेकांच्या शेडमधली फेरी. गावे पाणलोटाच्या कामाआधी शिवारफेरी काढतात, तशी. लोडरच्या बकेटचे झिजलेले दात एक जण कसे भरून घेतो हे दुसऱ्याने पाहिले, तर पुढचे काम बाहेरगावी पाठवावे लागणार नाही.

अशा विश्वासाची पहिली कसोटी थकलेल्या बिलांवर लागते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळायला हवेत. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट व्याज लागते. तरी एकटा माणूस तक्रार करत नाही, कारण पुढची ऑर्डर जाण्याची भीती असते. वीस जणांनी आपापल्या बिलांच्या तारखा एकमेकांसमोर मांडल्या, तर ती भीती वाटून घेता येते.

अशा फेरीवरचे आक्षेप खरे आहेत. पहिला वाघाचा. २०२० मध्ये राजुरा वनक्षेत्रात अनेक बळी गेल्यावर आरटी-१ वाघ पकडावा लागला. तेव्हा पहाटेच्या जंगलफेरीचा हौशी आग्रह कोणी धरू नये. उजाडल्यावर, रहदारीच्या वाटेने, हिवाळ्यात चालावे. उन्हाळ्यात शेडमधल्या फेऱ्या संध्याकाळी घ्याव्यात. दुसरा आक्षेप अधिक गंभीर: खानावळ चालवणारी बाई सकाळी कशी येणार? तिला सोयीची वेळ नसेल, तर तो गट कंत्राटदारांचा मित्रमेळा ठरेल. फेरी तिच्याकडे जेवणाची गर्दी ओसरल्यावर जावी, आणि महिला बचत गटांच्या उद्योगांनाही तीत पहिल्यापासून जागा असावी. तिसरा आक्षेप संगनमताचा. एकाच धंद्यातली माणसे भेटली की बोलणे भाव वाढवण्याच्या कटावर येते, असा इशारा ॲडम स्मिथने १७७६ मध्येच दिला होता. सिमेंट कंपन्यांवर स्पर्धा आयोगाने संगनमताबद्दल २०१२ मध्ये सहा हजार कोटींहून अधिक दंड लावला आणि तो वाद वर्षानुवर्षे चालला. त्यामुळे गटाने पहिल्याच दिवशी लिहून ठेवावे की निविदेचे दर आणि कोण कुठे निविदा भरणार, हे फेरीत बोलायचे नाही. बिलाची तारीख, सुरक्षेची साधने, कामगारांचा विमा, कुशल वेल्डर कुठे शिकतो, यांवर मोकळेपणी बोलावे, आणि मालक गैरहजर असेल तर त्याच्या फोरमनलाही फेरीत चालू द्यावे.