चढ पायांनाच कळतो

दापोलीला ‘मिनी महाबळेश्वर’ म्हणायची रीत मला पटत नाही. गाव समुद्रसपाटीपासून जेमतेम ८०० फुटांवर. खरी गंमत आहे ती समुद्राकडे उतरणाऱ्या वाटांत. त्या समजून घ्यायच्या तर सायकलने जायला हवं आणि तेही एकट्याने. समुद्रकाठच्या हर्णैच्या रस्त्याला लागलं की सड्यावरचा उघडा जांभा मागे पडतो आणि आसूदच्या वळणांवर हवाच बदलते: नारळी-पोफळीच्या बागा, पाटाचं पाणी, ओला गारवा. काच वर केलेल्या गाडीत हा बदल अंगाला लागतच नाही. केशवराजच्या देवळात जाताना तर सायकलही टेकवून ठेवावी लागते. बागेतून खाली, साकव ओलांडून, मग पायऱ्यांचा चढ.

लोक म्हणतील, एकट्याने जाणं धोक्याचं. पावसाळ्यातल्या निसरड्या उतारावर ते खरंच आहे. म्हणून ब्रेक तपासावेत, घरी वाट सांगून ठेवावी, उजेडी परतावं. पण सोबत असली की वेग दुसऱ्याचा होतो, थांबणंही. राहिला परतीचा चढ. तो दमवतो, मान्य. तरी हर्णैची मासळी दापोलीच्या बाजारात पोचवायला पूर्वी किती घाम गळत असेल, याचा अंदाज तोच देतो. दमलात तर खुशाल उतरून सायकल ढकलत चाला. त्यात कमीपणा कसला?