यंत्राचा ज्वर
जुन्या पेट्रोल-जीपला डिझेल इंजिन बसविणारा इंधनाची बचत पाहतो. रेडिएटरातील पाण्याच्या उष्णमानाकडे त्याचे लक्ष क्वचितच जाते. आमच्या मते खरी परीक्षा तेथेच आहे. सामान्यतः ८० ते ९५ अंश सेल्सिअस ही निर्धोक मर्यादा होय. सुमारे ६०० मीटर उंचीवरील लातुरात उघडे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. झाकणाच्या दाबाने हा अंक वाढतो. म्हणून झाकण घट्ट असावे, व इंजिन तापलेले असता ते कदापि उघडू नये. थर्मोस्टॅट काढून टाकणेही इष्ट नव्हे. थंड राहिलेले इंजिन लवकर झिजते. बोअरच्या जड पाण्याने आत क्षार साचतात. नांदेडच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा जुना रेडिएटर नव्या इंजिनास पुरेल काय, हे आधीच पाहावे. ज्या गाडीत घरची मुलेबाळे बसतात, तिचा ज्वर गृहस्थाने ओळखावयासच हवा.